वजन उचलायचं नाही

"आणि काकू, वजन अजिबात उचलायचं नाही हं," जयमालाच्या कमरेवरचा शेकाचा पट्टा काढत तरुण डॉक्टर भाविका म्हणाली.

पालथ्या पडलेल्या जयमालाला हसू आलं. जुईनगरच्या या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती महिनाभर येत होती. शेक घ्यायचा, कंबर मोकळी करून घ्यायची आणि घरी जाऊन नंदकिशोरला उचलायचं. पक्षाघातानं त्याची डावी बाजू गेली होती. उठवून बसवा, खुर्चीत न्या, पुन्हा निजवा. रोजचंच.

"वजन म्हणजे बादली ना? ती नाही उचलत मी. नवऱ्याला उचलते. त्यांना कुठे ठेवून देऊ, सांगा."

भाविकानं पट्टा गुंडाळून ठेवला. पोरगी सकाळपासून उभी होती, डोळे ओढलेले. मदतीला बाई ठेवा, हे तिनं मागेच सांगून पाहिलं होतं. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते. तिनं पडदा ओढला.

"कसं उचलता, दाखवा."

"कुणाला उचलून दाखवू?" जयमाला टेबलावरून उतरत म्हणाली.

भाविकानं चपला काढल्या आणि टेबलावर उताणी झोपली. "मला. मी काका. डावं अंग गेलंय माझं."

जयमालानं सवयीनं तिच्या काखांत हात घातले आणि ओढलं. कमरेतून अशी कळ गेली की तिनं भिंतच धरली.

"ओढायचं नाही काकू. त्यांचाही खांदा निखळेल. आधी माझे गुडघे दुमडा. आता कुशीवर वळवा, तुमच्याकडे. पाय कडेवरून खाली सोडा. एक हात खांद्याखाली, एक कमरेवर. वाकायचं ते गुडघ्यांत, पाठीत नाही. आता पावलांवर जोर द्या."

"उठा हं, झालंच," जयमाला पुटपुटली. घरी म्हणते तसंच.

पाय खाली गेले तशी पोरगी आपसूक वर आली. जयमाला श्वास रोखून कळेची वाट बघत राहिली. कळ आलीच नाही.

"अहो, जमलं की!"

भाविका टेबलाच्या कडेला बसली होती. डोकं जयमालाच्या खांद्यावर, सगळा भार टाकून. जयमालाचा हात नकळत तिच्या पाठीवरून फिरू लागला. पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं, अजून किती वेळ म्हणून विचारलं.

"बसलात हो, डॉक्टर," जयमाला हळूच म्हणाली. "झालं."

खांद्यावरचं डोकं हललं नाही.

"अजून एकदा करू, काकू," भाविका म्हणाली.