आनंदशेठची ट्रायल

"झालं काम. आता डोळं झाकून चालवा," म्हणत आनंदशेठनं व्हॅनची किल्ली टेबलावरून पूनमकडं सरकवली.

पूनमनं किल्लीला हात लावला नाही. दौंड-कुरकुंभ रस्त्यावरच्या या गॅरेजात गिऱ्हाइकांसाठी एसीची खोली होती, काचेच्या पेटीत मासे होते, भिंतीवर शेठचे सत्काराचे चार फोटो होते. शाल होती, नारळ होता. पाना हातात धरलेला फोटो मात्र एकही नव्हता.

"परवाबी असंच म्हनला व्हता," ती म्हणाली.

पूनम रोज अकरा बायांना कुरकुंभच्या कंपनीत पोचवायची. परवा तिनं इथं ब्रेकचं काम करून घेतलं आणि काल सकाळी पायडल पार तळाला गेलं. रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घातली म्हणून गाडी थांबली. पुढच्या सीटवर त्या अकरांतली इमामबी होती. आता ती पूनमच्या शेजारी बसली होती, कपाळाला पट्टी, डावा डोळा सुजून बंद.

"मशीनचा काय भरवसा, ताई?" शेठ खुर्चीत रेलला. "आन् खरं सांगू का, ब्रेक मारायचीबी एक पद्धत असती. बाया घाबरल्या की काय कुठं दाबत्यात, त्यांचं त्यांना कळत न्हाई."

खोलीतली दोन गिऱ्हाइकं हसली.

"मग पद्धत दाखवा की," पूनम म्हणाली. "चला ट्रायलला."

"मेकॅनिकनं घेतलीय ट्रायल."

"त्यो न्हाई. तुम्ही चला."

गिऱ्हाइकांचं हसणं थांबलं. दोघंही शेठकडं बघायला लागली. आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. "चला, त्यात काय एवढं," म्हणत तो उठला. पायांत पांढरेशुभ्र बूट. गॅरेजात पांढरे बूट घालून फिरणाऱ्याचा हात कशाकशाला लागत असेल, ते कुणीही ओळखावं.

इमामबी न बोलावता मागं चढली.

"मावशी, तुम्ही कशाला?" शेठनं विचारलं.

"काल डोळं मिटलं व्हतं. बघायचं ऱ्हाऊन गेलं."

शेठनं बसल्या बसल्या पट्टा ओढला, खटका लागला का ते दोनदा तपासलं. पूनमनं गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढं गेला.

"हळू घ्या," शेठ म्हणाला.

"याच्यापरास हळू म्हंजी उतरून ढकलावी लागंल."

त्याचा एक हात वरच्या दांडीला होता आणि उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला, जसा काही तिथं ब्रेक होता. एसीत बसून आलेल्या माणसाच्या मानेवरून घाम ओघळत होता. पूनमनं एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"बास झालं. वळवा इथनं."

"उतार यायचाय अजून."

"उताराला कशाला?"

चढ संपला तशी तिनं गिअर पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेला उभी केली. पुढं रस्ता मोरीपर्यंत सरळ खाली जात होता. मोरीपाशी उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या आणि चार बाया डोक्यावर जनावरांसाठी वाढ्याचे भारे घेऊन चालल्या होत्या.

"आता सोडते," पूनम म्हणाली. "पद्धत सांगत ऱ्हावा, म्हंजी चुकायला नको."

पट्ट्याचा खटका वाजला. ती मान वळवेपर्यंत शेठ रस्त्यावर उभा होता.

"नको, नको. ब्रेकचा सिलिंडर गळतोय त्यो. ऑइल भरलं की दोन-तीन किलोमीटर निघत्यात, पुढं काय..."

"म्हंजी ठावं व्हतं."

"गाडी हितंच ठेवा. मानसं पाठवतो. सगळं नवं टाकून देतो, फुकट."

"गाडीला हात लावायचा न्हाई," पूनम म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. राग यायला समोरचा निदान तोलाचा लागतो.

मागून इमामबी म्हणाली, "टाकं घालताना डाक्टर इचारत व्हता, कुनी मारलं म्हनून. मी म्हनलं, कुनी न्हाई." तिनं उघड्या डोळ्यानं शेठकडं बघितलं. "खोटं बोलले."

शेठ पाठ फिरवून दौंडच्या दिशेनं चालायला लागला. पूनमनं फोन करून दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं, कंपनीला आज गाडी नाही म्हणून कळवलं आणि चाकांना दगड लावायला उतरली.

पांढरे बूट धुळीतून जपत चालणारा शेठ अजून पन्नासएक पावलंच गेला होता. खालून चढ चढत एक रिक्षा आली, व्हॅनला ओलांडून त्याच्यापाशी थांबली. मागं दोन पोरी मांडीवर दप्तरं घेऊन बसल्या होत्या.

"आरं शेठ, उन्हात चालत कुठं?" रिक्षावाला खुशीत ओरडला. "बसा म्होरं. कालच तुमच्याकडनं ब्रेक करून नेल्यात!"

शेठनं रिक्षाकडं बघितलं.

"तू हो म्होरं," तो म्हणाला. "मी जरा पाय मोकळं करतो."

रिक्षा निघाली. पूनमच्या हातातला दगड खाली पडला. "ए दादा, थांब!" करत ती पळत सुटली. शेठनं बाजूला सरून तिला वाट दिली.

रिक्षावाल्यानं आरशात बघून ब्रेक दाबला. रिक्षा थांबली, पण चार-पाच बाभळी मागं टाकून.

"काय झालं, ताई?"

पूनमनं आधी पोरींना खाली उतरवलं. धाप लागली होती. तिनं मागं बोट केलं.

"ते येत्यात बघ," ती म्हणाली. "त्यांनाच इचार, चालत का येत्यात."