नातेवाइकाची सही

रायपूरच्या शंकर नगरातल्या दवाखान्यात निरंजननं संमतीचा तोच कागद तिसऱ्यांदा उलटला. खाली नातेवाइकाच्या सहीसाठी रेघ होती. पेन हातात होतं, सही होत नव्हती.

समोर खाटेवर त्याची आई, कुमुद, हिरवा गाऊन घालून बसली होती. चौपन्न वर्षांची, मंत्रालयात लिपिक. मांड्यांमधली चरबी काढून घ्यायची, हे तिनं एकटीनंच ठरवलं होतं. रजा टाकली, तपासण्या केल्या आणि त्याला सांगितलं ते काल जेवताना.

"खून की गाँठ," तो वाचू लागला. "चरबी फेफड़ों में जा सकती है। चमड़ी ऊबड़-खाबड़। आई, इसमें मौत भी लिखा है।" आईच्या मराठीला तो लहानपणापासून हिंदीतच उत्तर द्यायचा.

"मले सगळं वाचून दाखवलं डॉक्टरबाईनं," कुमुद म्हणाली. "वजन कमी होणार नाही, हेही सांगितलं."

"तो फिर क्यों? इस उम्र में किसको दिखाना है?"

बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो उठून खिडकीशी गेला, तिथून दाराशी, परत खाटेजवळ.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही. ती गाऊनची कड चुरगाळत राहिली. मग त्याच्याकडे न बघता बोलू लागली.

"घरून, गुढियारीतून बस. मग नव्या रायपुरात स्टॉपपासून ऑफिसपर्यंत पायी. उन्हात मांड्या एकमेकीवर घासतात, कातडी सोलून निघते. पावडर झाली, मलम झाले, तुझ्या बाबांच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या बांधून पाहिल्या. घरी आली का चिकटलेला परकर पाण्यानं भिजवावा लागते, तेव्हा कुठं सुटते." ती थांबली. "अकरा उन्हाळे झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, घासणं थांबेल. बहुतेक."

निरंजनला आठवलं. ऑफिसातून आल्या आल्या आई बाथरूममध्ये शिरायची, अर्धा अर्धा तास निघायची नाही. बाहेरून तो विचारायचा, चाय कब बनेगी.

"बताया क्यों नहीं?"

"पोराले काय सांगू? मांड्या सोलल्या म्हणून?"

नर्स विमला डोकावली. "भैया, साइन हो गया? डॉक्टर मैडम अंदर पहुँच गईं।"

त्यानं धोक्यांची यादी पुन्हा वाचली. तिच्यातली एकही ओळ कमी झाली नव्हती. त्यानं सही केली. पेन इतकं दाबलं गेलं, की ती खालच्या पानावरही उमटली.

कुमुद उठली. विमलानं पुढं केलेला हात तिनं घेतला नाही. पाय दूर दूर ठेवत, ओल्या फरशीवरून जावं तशी एकेक पाऊल टाकत ती निघाली. निरंजन बघत राहिला. ही चाल गुडघ्यांमुळे, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. दोनदा तेलाची बाटलीही आणून दिली होती.

विमलानं ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून धरलं.

"आई," तो म्हणाला, "हळू जाजो."

"हव," ती म्हणाली, आणि मागं न बघता आत गेली.