खिशातली पाचर

“कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही,” म्हातारा सुतार खिसा थोपटत म्हणाला, “पण दादाचं अख्खं घर मी या खिशात घालून निघालोय.”

गाडी चालवणाऱ्या त्याच्या मुलीनं आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर आई, आईच्या मांडीवर भांड्यांचं गाठोडं, गाठोड्यावर हनुवटी टेकलेली नात. टपावर पलंग उलटा बांधलेला, चारही पाय आभाळाकडे. मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती. सगळा संसारच घेऊन निघावं लागलं, कारण मागे राहायला आता जागा नव्हती.

सुतारानं खिशातून पाचर काढून नातीसमोर धरली. अंगठ्याएवढा, हात लागून लागून काळा पडलेला लाकडाचा तुकडा.

घर थोरल्या भावाच्या नावावर होतं. वरचा मजला सुतारानं स्वतः चढवला होता, जिना स्वतः बसवला होता, आणि त्याच जिन्यावरून त्याची मुलगी चालायला शिकली होती. मग एके दिवशी थोरल्याला वरची हवा आवडली. धाकट्याला घराबाहेर काढायला तेवढं कारण पुरलं.

सकाळी इकडे गाडी भरली जात होती आणि तिकडे थोरल्याचा बिछाना वर चढत होता. वहिनी वर अंथरूण घालत होती. थोरला फाटकात उभा राहून काडीनं दात कोरत होता.

“जिना तेवढा फक्कड केलास हां,” तो म्हणाला. “माझ्या नातवंडांना पुरेल.”

सुतार गाडीत बसता बसता थांबला.

“बरी आठवण करून दिलीस, दादा. त्या जिन्याला एकही खिळा नाही. सगळा एका पाचरीवर उभा आहे.” त्यानं मूठ उघडली. “ही ती. जरा सांभाळून चढ.”

आणि त्यानं दार लावून घेतलं.

पुढे काय झालं ते सुताराच्या तोंडी प्रत्येक थांब्यावर वाढत गेलं. पहिल्या पेट्रोल पंपावर थोरल्याच्या तोंडातली काडी नुसती गळून पडली. पंक्चरवाल्याकडे पोचेपर्यंत जिना करकरू लागला होता. चहाच्या टपरीवर तर तो पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली बसला, आणि थोरला विजारीनं कठड्याला लटकला. टपरीवाल्याच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

सुताराची बायको तेवढी हसली नाही. गाडी हमरस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, “आणि जाऊबाई? त्या वरच होत्या ना?”

सुतार खिडकीबाहेर बघू लागला.

“तुम्ही तापानं फणफणला होतात तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? तुमचा दादा?”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “काकूचे गुडघे धड नाहीत. उतरायला गेली तर?”

“काही होत नाही तिला.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

वळण आलं. टपावर ठक् ठक् झालं. सकाळपासून पलंगाचा एक पाय प्रत्येक वळणाला असाच हादरत होता.

“ते काय वाजतंय?” नातीनं विचारलं.

“वारा,” सुतार म्हणाला.

मुलीनं गाडी कडेला घेतली. “आत्ताच्या आत्ता काकूला फोन लावा. नाहीतर मी गाडी वळवते. नोकरी गेली खड्ड्यात.”

गाडी वळली की पुन्हा तेच फाटक, पुन्हा तोच थोरला, आणि हातात काडी. सुतारानं फोन लावला. बायकोनं हात लांब करून त्याचा स्पीकर चालू केला.

“वहिनी, कुठे आहात तुम्ही?”

“वरच आहे, भावजी.”

“आणि दादा?”

“अंगणात. सकाळपासून जिन्याजवळ फिरकले नाहीत. मला खालून ओरडतात, हलू नकोस, पायरीवर पाय टाकू नकोस. मघाशी दोन सुतार आणले. त्यांनी जिना ठोकून पाहिला, वरखाली नाचून दाखवलं, धड आहे म्हणाले. तर ह्यांनी त्यांनाच हाकललं. म्हणाले, तुम्ही त्याला सामील आहात.”

“मग तुमचं जेवण?”

“टोपलीला दोरी बांधलीय. हे खालून भरतात, मी वरून ओढते. हातानं रांधलंय हो ह्यांनी. मीठ नव्हतं. मी टोपली परत सोडली.”

बायको सुताराकडे टक लावून पाहत होती. मुलीचा हात गियरवर होता. इतक्या वर्षांनी तोंडाशी आलेला घास होता हा, आणि तो परत ताटात ठेवायचा होता. सुतारानं पाचर मुठीत आवळली.

“वहिनी, मी काय म्हणतो, त्या पाचरीचं असं आहे की जिना ज्या…”

“खोटं!” फोनमधून वहिनी कडाडली. मग एकदम तिचा आवाज खाली आला. “जिना बसवताना खिळ्यांचा डबा घेऊन कोण उभं होतं, भावजी? एकेक खिळा मी तुमच्या हातात दिलाय. ती पाचर तुमच्या पलंगाच्या पायाची असणार, नीट परत बसवा, नाहीतर रात्री आपटाल. पण ह्यांना एक अक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवते. वरची हवा फार आवडत होती ना ह्यांना? ती आता मी खाते.”