लांडगीचा वाटा

भर दुपारी माळावरून जाता जाता लांडगी खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. मेंढरं सोडून धुळाबाई धावल्या. लांडगीच्या गळ्यातल्या सरकारी पट्ट्यावरचा हिरवा दिवा लाल झाला होता.

तासाभरानं वनरक्षक तांबे मोटारसायकलवरून आला.

"तिसरी तक्रार नोंदली गेली की पट्टाच विषाची सुई टोचतो, मावशी. नवा कायदा आहे."

"तक्रार कुणी केली?"

त्यानं मोबाइल पाहिला. "तुमच्याच नावावर आहे. कालची."

धुळाबाईंना आठवलं. काल मेंढरांना लस टोचायला आलेल्या सरकारी बाईनं फॉर्म भरता भरता एक मेंढी कमी कशी, असं विचारलं होतं.

"मी म्हटलं, लांडगीनं नेली, तिचा वाटा असतो. ही तक्रार झाली व्हय?"

"फॉर्ममध्ये वाट्याचा रकाना नसतो, मावशी."

"मग मीच कापून खाल्ली म्हणून लिही."

तांबे खाली वाकला. पट्टा काढायला त्यानं लांडगीला कुशीवर वळवलं. तिची आचळं दुधानं तटतटली होती.

"पिल्लं कुठं असतील?" त्यानं हळूच विचारलं.

धुळाबाई मेंढरांकडं वळल्या. ओढ्यातली ती कपार त्यांना ठाऊक होती. महिनाभर त्यांनी आपली कुत्री तिकडं फिरकू दिली नव्हती.