आणखी कुणी पाहिलं?

"बंद आहे?" चुंगनी चौथ्यांदा विचारलं.

"बंद आहे, बाबा."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"आणखी कुणी?"

रुइफेनने हातातला पाना खाली ठेवला आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. न्हाणीघरात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर वीस वर्षांचा गीझर तळातून ठिबकत होता आणि दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर तिचे वडील ठाण मांडून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी तैवानच्या म्याओली भागातल्या घराघरांत वायरमनचं काम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे नेले. आता उजेड दिसे, कोण आलं-गेलं ते कळे, पण टेस्टरचा एवढासा दिवा काही दिसत नसे. तोंड तेवढं शाबूत होतं.

रुइफेनही काही कच्ची नव्हती. बारा वर्षं जिथे काम केलं तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी ती वायरमनच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. आईने परवाना चौकटीत घालून थेट पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी टांगला. तरी वडिलांच्या दुकानाचा फोन वाजला की चुंग सांगत, "काम बंद केलंय आम्ही." मला पाठवा, मला पाठवा, म्हणून लेकीच्या तोंडाला फेस आला. शेवटी नवं वर्ष चार दिवसांवर आलं, तैपेईहून भाऊ पोराबाळांसकट यायचा होता आणि नेमका गीझर गळायला लागला. तेव्हा कुठे चुंग म्हणाले, "आधी घरचा बदल. जमलं तर बाहेर पाठवीन."

जमत तर होतंच. फक्त या 'आणखी कुणी'ने तिचं डोकं उठलं होतं. तरुणपणी चुंगनी 'बंद आहे' या एका सोबत्याच्या शब्दावर वायरीला हात लावला होता आणि शिडीसकट कुणाच्या तरी कोबीच्या वाफ्यात जाऊन पडले होते. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. अख्ख्या घराचा मेन स्विच बंद, आणि तो बंद असल्याचं दोघांनी पाहिलेलं.

"लो गुरुजींना हाक मार," ते म्हणाले.

लो गुरुजी शेजारीच राहत. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. ते आले, त्यांनी टेस्टर उलटा धरला, रुइफेनने तो सुलटा करून दिला. मग वायरीला टेकवून म्हणाले, "दिवा काही लागत नाही बुवा."

"झालं तर मग!" चुंगची कळी खुलली.

"बाबा, परवाना माझ्याकडे आहे. गुरुजींकडे नकाशे आहेत."

"गुरुजींना घाई नसते. तुला असते."

हे तिला चांगलंच झोंबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, किती वेळ वीज बंद ठेवणार? माझ्या सणाच्या वड्या विजेच्या कुकरात अर्धकच्च्या बसल्यात!"

रुइफेनने रागाच्या भरात कामाचा फडशा पाडला. पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, तांबूस गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं. गुरुजींनी एका बाजूने हात लावला आणि दोघांनी जुनं धूड खाली उतरवलं. नवा गीझर टांगून तिने पाइप जोडले, आटे टेप गुंडाळून आवळले, आणि नळाला अखंड धार येईपर्यंत टाकी भरू दिली. रिकाम्या टाकीला वीज दिली की कॉइल जळते, हे चुंगनी तिला तीनदा सांगितलं. परीक्षेत तिने ते एकदाच लिहिलं होतं.

जेवायच्या वेळी आईने हट्टाने मेन स्विच चालू करून घेतला. खारवलेलं डुकराचं मांस आणि भात हाणून गुरुजी वामकुक्षीला घरी गेले. आता फक्त वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. रुइफेन बोर्डापाशी गेली, खटकन मेन स्विच पाडला आणि परत आली. टेस्टर खिशातच राहिला. सकाळपासून काय थोडं पाहून झालं होतं?

"बंद आहे," ती स्वतःहून म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली.

प्रश्न आलाच नाही. चुंग उठले आणि भिंत चाचपत आत आले.

"सरक. या दोन वायरी मी जोडतो. हाताला सवय आहे."

"टेस्टर देऊ?"

"मला कुठे दिवा दिसतोय? तू म्हणालीस ना, बंद आहे म्हणून."

त्यांनी हात पुढे केला. सोललेल्या तांब्याच्या टोकांपासून बोटं वीतभर लांब होती. सकाळपासून तिला हेच वाक्य ऐकायचं होतं.

"थांबा!" तिने त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. "हात लावू नका. मी आले."

ती धावत बोर्डापाशी गेली. स्विच बंदच होता. त्याच्याखाली आई टाचा उंचावून, हात वर करून उभी होती. "झालं ना गं तुमचं? माझी वड्यांची एकच चळत राहिलीये..."

"आई, खबरदार!"

तिने स्विचवर काळ्या टेपचे चार वेढे मारले, आईला दूर नेऊन बसवलं आणि परत येऊन टेस्टर दोन्ही वायरींना लावला. दिवा लागला नाही.

"बंद आहे, बाबा."

"मगाशी नव्हता?"

"होता."

"मग बघायला कशाला पळालीस?"

"तुमचा हात होता."

चुंग चाचपडत पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

"जोड तूच," ते म्हणाले. "आणि उद्यापासून लोकांच्या घरी कामाला जाशील, तेव्हा तिथेही माझाच हात आहे असं समज."