पायलजवळची गोधडी

"रक्त सात हाये रागिणीचं," मैना म्हणाली. "एवढ्या रक्तावर पोरं बंद कराचं आपरेशन करत नाहीत. डॉक्टरीणबाईनं वापस पाठवलं तिले."

अनुप अंगणात बंडीवर कापसाची गाठोडी रचत होता. त्याने ऐकलं, पण हात थांबवले नाहीत. खालून गाठोडं द्यायला त्याची बायको होती. रागिणी वाकायची, गाठोडं गुडघ्यावर घ्यायची, मग छातीवर, मग डोक्याच्या वर. दर वेळी चाकाला धरून क्षणभर उभी राहायची.

मैना गावची आशाताई. ती ओसरीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर भरलेला कागद होता. तिच्या मागे दुसरीतली पायल पालथी पडून वही लिहीत होती. शेजारी तिच्या आईची गोधडी अजून पसरलेलीच होती. अचलपूरच्या दवाखान्यातून परत आल्यापासून, पंधरा दिवस झाले, रागिणी पोरीजवळ झोपत होती. धाकटा शिवम आत झोक्यात होता.

"मंग गोळ्या दे ना तिले," सुपात तूर पाखडता पाखडता अनुपची आई गोदाबाई म्हणाली.

"गोळी आन् सुई तिच्या बीपीले चालत नाही, मावशी. तांबी बसवली तं अंगावरून किती गेलं, तुमीच पाह्यलं. काढा लागली. निरोधची पाकिटं आनून देते, तं ते तशीच फळीवर पडून राह्यतेत." मैनाने अनुपकडे पाहिलं. "आता दिवस राह्यले तं बाई हाती लागत नाही. डॉक्टरीणबाईनं साफ सांगतलं. पोरगी हाये, पोरगा हाये. अनुपभाऊ, आता तुमचंच करून टाकू. कापनं नाही, टाका नाही. शुक्रवारी गाडी येते, संध्याकाळी घरी. आठ दिवसांत बंडी हाका."

अनुप हसला. "गोऱ्हा ठेचून बैल करतेत तसं?"

"तसं नसते हो भाऊ."

"मंग कसं असते? तुया नवऱ्याचं केलं का?"

मैनाने कागदाची कड सारखी केली. "माह्या अंगात रक्त होतं," ती म्हणाली. "म्हनून माहंच झालं."

गोदाबाईने सूप खाली ठेवलं. "मानसाचं आपरेशन करून कोनाचं भलं झालं वो? अंगातली ताकद जाते. बैल होते मानूस. मंग बसून राहीन घरात. वझं कोन उचलीन?"

पायलची पेन्सिल थांबली. प्राणी आणि त्यांचे उपयोग, असा अभ्यास होता तिला.

"आजी, बैल कुठी घरात बसते? बाईनं सांगतलं, बैल वझं वढते. सगळ्यात जास्त."

मैनाने तोंडाला पदर लावला. रागिणीलाही हसू आलं असावं, पण गाठोडं डोक्यावर होतं, चेहरा दिसला नाही.

"तू तुयं लिव," अनुप म्हणाला.

पोरीने मान खाली घातली आणि लिहिलं, बैल ओझे ओढतो. पुढची ओळ गायीची होती.

रागिणी चाकाला टेकली. "एक सही तं करा लागते," ती हळूच म्हणाली. "मी येते ना संग. कोनाले सांगत नाही."

"सांगा कायले लागते? गाडी दारात आली की गावाले दिसते. उद्यापासून पारावर बसू कसा मी?" त्याने कासरा मोकळा केला. "चाल, हात लाव. मेटाडोरवाला थांबत नाही फाट्यावर."

शेवटचं गाठोडं मोठं होतं. ते रागिणीच्या गुडघ्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मैना उठली, तिने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ते वर दिलं. अनुपने ते दाबून बसवलं, बैलांना हाक दिली, आणि बंडी फाटकाबाहेर पडली.

मैनाला पोचवायला रागिणी फाटकापर्यंत आली. मैनाने कागद तिच्या हातात दिला.

"गुरुवारी येते मी. तवरक बोलून पाय राती."

"राती ते बोलाले थोडीच बलावतेत," रागिणी म्हणाली.

"मंग पोरीजवळच झोप," मैना म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघाली.

रागिणी परत आली तेव्हा ओसरीवर सूप होतं, तूर होती, गोदाबाई नव्हती. पायल लिहीत होती. तिच्या शेजारची फरशी मोकळी होती.

"माही गोधडी कुठी गेली?"

"आजीनं आत नेली," पायलने वहीतून डोकं न काढता सांगितलं.

आतल्या खोलीत गोदाबाई पलंगाजवळ उभी होती. गोधडी अनुपच्या अंथरुणावर घातलेली होती. चारी कोपरे ओढून सारखे केलेले. दोन उशा शेजारी शेजारी.

"पोरगी मोठी झाली आता," रागिणीकडे न पाहता गोदाबाई म्हणाली. "एकटी झोपन."

ती बाहेर गेली. थोड्या वेळाने पुन्हा सुपाचा आवाज येऊ लागला.

रागिणीने कागदाची घडी केली आणि ती अनुपच्या उशीखाली ठेवली. घडीने उशी जराही वर आली नाही.