माळवदावरची माती

तीन दिवस बर्फाचं वादळ थांबलं नव्हतं. ऊन अडवायला सूर्यासमोर धरलेली आकाशातली छत्री आता मिटत नाही, असं रेडिओ सांगत होता. उन्हाळा सोसवेना म्हणून गावाने ती एकमताने मागितली होती.

घराचं माळवद, तुळयांवरचं मातीचं सपाट छत, गळू लागलं, तसं गहिनीनाथने दरवर्षी पावसाआधी जे करायचा तेच केलं. बर्फावरच खाऱ्या मातीच्या वीस पाट्या टाकून त्याने त्या पायांनी तुडवल्या आणि खाली येऊन दारातून बायकोला विचारलं, "सोजर, गळतंय का?"

"न्हाई, थांबलं. या, चुलीपाशी बसा."

तो वहाणा काढत असतानाच तुळई कडाडली आणि माळवद खाली आलं.

तो हातांनी उकरत राहिला. बर्फ सहज निघत होता. निघत नव्हती ती त्यानेच तुडवून बसवलेली माती.